सातबाऱ्यावरून नाव कमी करताना स्टड आठवत राहिला

ताईचा अंगठा मशीन घेतच नव्हती. एकदा लावला, दोनदा लावला, मग ऑपरेटर म्हणाला रुमालाने पुसा, पुसला, तरी नाही. मी तिचा हात हातात घेऊन बघितला तर बोटांच्या टोकांवर रेषाच नाहीत, सगळं गुळगुळीत, मधेमधे काळपट सालं निघालेली. हंगामात ओले काजूगर काढायचे म्हणजे बियांचा चीक हाताला लागतोच, कितीही राख लावा नाहीतर खोबरेल चोळा, कातडी जळायची ती जळतेच. मी कल्याणला ऑफिसात बसून ज्या जमिनीत माझा एक तृतीयांश हिस्सा आहे असं म्हणत होतो त्या जमिनीने हिच्या बोटांवरच्या रेषा घालवल्या होत्या. मला तिथे सगळ्यांसमोर रडू यायला लागलं होतं, कसंबसं आवरलं. शेवटी दुसऱ्या बोटावर काम झालं.

हे हक्कसोडपत्राच्या, म्हणजे माझा हिस्सा ताईच्या नावे सोडायच्या दस्ताच्या दिवशीचं, जूनमधलं. पण सुरवात त्याच्याआधी महिनाभर झालेली, म्हणजे ज्याच्यामुळे झाली तो माणूस, स्टड नावाचा इंग्रज मिशनरी, १९३१ सालीच काँगोमध्ये वारलेला आहे.

झालं असं की मे महिन्यात आमच्याकडे वेंगुर्ल्याला चर्चच्या पोरांचं शिबिर असतं, मी दरवर्षी सुट्टी टाकून जातो, तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरायचं आणि पुढे एसटी. ह्या वर्षी पाळकसाहेबांनी आधीच फोन करून सांगितलं की तीन संध्याकाळी तुम्ही एका मिशनऱ्याची गोष्ट सांगायची, पोरं मोबाईल सोडून बसत नाहीत, पण हा क्रिकेटर होता, हा चालेल. आणि सी. टी. स्टडचं एक जुनं इंग्रजी चरित्र हातात दिलं, पिवळी पडलेली पानं, मधली काही सुटी झालेली. मिशनरी म्हटल्यावर आमच्या गावात मिशन हॉस्पिटलचे डॉक्टर गोहीनच आठवतात लोकांना, त्यांचा मुलगा वेंगुर्ल्यातच १९१९ साली जन्मला आणि पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, हे जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. स्टडचं नाव मात्र मीसुद्धा नुसतं ऐकलेलं, वाचलेलं काहीच नव्हतं. दोन रात्री ओटीवर बसून वाचून काढलं.

पहिली संध्याकाळ सोपी गेली कारण नुसतं क्रिकेट. चार्ल्स स्टड, जन्म १८६०, बाप एडवर्ड स्टड म्हणजे गडगंज माणूस, बिहारमध्ये तिरहूतला मळे करून पैसा केलेला आणि मग इंग्लंडात जाऊन मोठ्या वाड्यात राहायचा, रेसचे घोडे पाळायचा, त्याच्या घोड्याने १८६६ ची ग्रँड नॅशनल रेस जिंकलेली. हा मूडी नावाच्या अमेरिकन उपदेशकाच्या सभेला गेला आणि पार बदलला, घोडे विकले, रेस सोडली, पण त्यानंतर दोनेक वर्षांतच गेला. तीन भाऊ, तिघेही एकामागोमाग एक केंब्रिज विद्यापीठाच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन झाले. आणि १८८२ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची ओव्हलची ती टेस्ट, जिच्यामुळे ॲशेस हे नाव पडलं, इंग्लंडला जिंकायला ८५ पाहिजे होते आणि ७७ वर सगळे आऊट, ७ रनांनी हरले. त्यात हा स्टड दहाव्या नंबरला आला आणि एकही बॉल न खेळता समोरचा आऊट झाला. शून्यावर नाबाद. आणि हा त्याच मोसमात ह्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकलेला माणूस! आमची पोरं टेनिस बॉलच्या टुर्नामेंटांवर वाढलेली, त्यांना हे लगेच लागलं, एकजण चिडूनच उठला, "मगे त्याका दहाव्या नंबराक कित्याक पाठयल्यानी?" मी म्हटलं बाबा, हाच प्रश्न इंग्लंडवालेही विचारत असतील. उपदेश करून जे झालं नसतं ते झालं, पोरं दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसली.

दुसरी संध्याकाळ पैशाची होती आणि तिथे मी अडकलो.

स्टड १८८५ साली चीनला गेला, केंब्रिजचे सात जण एकत्र गेले, तिथले कपडे घालून तिथल्या लोकांत राहायला लागले. बापाच्या मृत्युपत्राप्रमाणे पंचविसाव्या वर्षी ह्याला वाटा मिळणार होता तो साधारण २९,००० पौंड. त्या काळातले पौंड. आणि ह्याने ठरवलं की सगळं देऊन टाकायचं. आतापर्यंत अशा गोष्टी मी खूप ऐकल्या होत्या, तुम्हीही ऐकल्या असतील, अमुक एकाने सगळं सोडलं आणि निघाला, एका वाक्यात संपतं. पण ह्या पुस्तकात ते सोडायची प्रोसेस दिलेली होती. अधिकारपत्रावर ब्रिटिश कॉन्सलची, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीची सही लागणार होती. चुंगकिंगचा कॉन्सल कागद बघून म्हणाला मी सही करणार नाही, दोन आठवडे विचार कर, तरी तुझं तेच म्हणणं असेल तर ये. दोन आठवड्यांनी स्टड परत गेला आणि तेच म्हणाला, मग सही झाली.

मला त्या दोन आठवड्यांनी धरलं. चेक लिहायला किती वेळ लागतो? पण हे चौदा दिवस, रोज सकाळी उठायचं आणि पैसा अजून आपलाच आहे, नुसतं नाही म्हणायचंय, कोणाला कळणारसुद्धा नाही. माझ्या मते खरा स्टड त्या चौदा दिवसांत आहे, ओव्हलवर नाही.

१३ जानेवारी १८८७ ला त्याने चेक पाठवले. ५,००० पौंडांचे चार आणि १,००० चे पाच. एक ५,००० चा मूडीला, एक ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरला, एक लंडनच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या हॉलंडला, आणि एक फ्रेडरिक टकरला, आपल्याकडच्या मुक्तिफौजेसाठी, म्हणजे साल्व्हेशन आर्मी ह्या ख्रिस्ती संघटनेसाठी. टकरचं मला आधीपासून थोडं माहीत होतं. हा आयसीएसची, म्हणजे इंग्रज सरकारातली मोठी नोकरी सोडून आलेला माणूस, १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबईत उतरला, म्हणजे ओव्हलची ती टेस्ट संपली त्याच्यानंतर बरोब्बर तीन आठवड्यांनी, फकीर सिंग नाव घेतलं, भगवे कपडे, अनवाणी पाय, गोरगरिबांसारखं जेवण. तिरहूतच्या मळ्यांत राबलेल्या आपल्याच लोकांच्या घामाचा पैसा इंग्लंडला गेला आणि त्यातला थोडासा पोराच्या हातून परत इथे आला, हे पोरांना सांगताना माझा आवाज बदलला असं नंतर पाळकसाहेब म्हणाले.

आता माझं सांगतो. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. गावाबाहेर आमची सव्वा एकर, अर्धी कातळाची, उरलेल्यात बाबांनी फळ संशोधन केंद्रातून आणून लावलेली वेंगुर्ला सातची काजूची झाडं, नऊ हापूसची कलमं, बांधावर एक फणस. आमच्या ख्रिस्ती वारसा कायद्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा मुलगी भेद नाही, म्हणजे आई, ताई आणि मी तिघांना सारखाच. वारसनोंद झाली तेव्हाच माझ्या मनात आलेलं की हे ताईचं आहे. तिने लग्न केलं नाही, आईला बघते, बाबांच्या शेवटच्या आठ महिन्यांत रात्ररात्र तीच बसली, मी शनिवार रविवार यायचो. पण मनात येणं वेगळं. इथे समुद्राजवळच्या जमिनींचे भाव आता कुठल्या कुठे गेलेत, एजंट दर दोन महिन्यांनी फोन करतो, आणि माझ्यावर कल्याणच्या फ्लॅटचं कर्ज आहे, मुलगी बारावीला आहे. बघू, पुढच्या वर्षी करू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. दुसऱ्या संध्याकाळी त्या चौदा दिवसांबद्दल बोलता बोलता मला कळलं की माझे चौदा दिवस दोन वर्षं चाललेत.

पण लगेच ताईला सांगितलं नाही, आणि बरं झालं नाही सांगितलं, कारण तिसरी संध्याकाळ बाकी होती.

तिसऱ्या संध्याकाळी लग्न. १८८८ साली स्टडने प्रिसिलाशी चीनमध्येच लग्न केलं, ती आयर्लंडची, तीही मिशनरी. लग्नाआधी ह्याच्याकडे ३,४०० पौंड उरले होते ते त्याने तिला दिले, तुझ्या नावावर ठेव म्हणून. तिने विचारलं, बायबलमधल्या त्या श्रीमंत तरुणाला प्रभूने काय करायला सांगितलं होतं? सगळं विक. मग आपण तसंच करू. तेही गेले, मुक्तिफौजेच्या जनरल बूथला. इथपर्यंत छान. पण पुढे चार मुली, चीनमध्ये दोघांच्याही तब्येती खालावल्या, १८९४ ला परत, मग १९०० ते १९०६ उटीला चर्चमध्ये पाळक, आणि मग पन्नाशी उलटल्यावर हा आजारी माणूस आफ्रिकेत निघाला, १९१३ ला काँगो. मधे एकदा घरी आला आणि १९१६ ला परत गेला तो शेवटपर्यंत आलाच नाही. हृदयाचं दुखणं असलेली बायको इंग्लंडात मिशनचं सगळं काम बघत राहिली. मधल्या वर्षांत १९२८ साली एकदाच ती काँगोला जाऊन दोनेक आठवडे त्याच्याबरोबर राहिली, पुढच्या वर्षी वारली. शेवटच्या काळात त्याच्या कडकपणावरून मिशनमध्येच मोठे वाद झाले, तेही पोरांना सांगितलं, लपवलं नाही.

शेवटच्या रांगेतल्या एका मुलीने, सातवी आठवीतली असेल, हात वर केला आणि विचारलं, "पैसे तर त्याचे होते, मगे बायकोक सोडून जावचा त्याने कोणाक इचारून ठरवल्यान?" मला उत्तर देता आलं नाही. मी तसंच सांगितलं की मला माहीत नाही. मला स्टड आवडतो, त्याचे ते चेक मला आयुष्यभर पुरतील, पण तिचा प्रश्न बरोबर आहे असंच मला अजून वाटतं. पैसा सोडायचा हक्क त्याचा होता, तो त्याने विचार करून सोडला, प्रिसिलानेही आपला वाटा स्वतः सोडला. पण बायकोची इतकी वर्षं ही त्याच्या एकट्याची मालमत्ता नव्हती.

म्हणून कल्याणला आल्यावर पहिल्यांदा हिला, माझ्या बायकोला विचारलं. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली मला थोडे दिवस दे, लगेच हो म्हणणार नाही आणि लगेच नाही म्हणणार नाही. तीन आठवडे घरात तो विषय नाही. मला वाटलं नाही म्हणणार. मग एका रात्री भांडी आवरताना म्हणाली, मुलीला पण सांगायला पाहिजे, तिचाही उद्या प्रश्न येईल. मुलीला सांगितलं. ती म्हणाली आत्याचंच आहे ना ते, मला तर आधीपासून वाटायचं आत्याचंच आहे. हिने फक्त एक अट घातली, आईच्या हिश्शाचं आत्ता काही बोलायचं नाही, त्यांना वाटता कामा नये की त्या असताना वाटण्या चालल्यात. बरोबर होतं तिचं.

ताईला सांगणं सगळ्यात कठीण गेलं. ती आधी चिडली. "माका तुझी भीक नको हां." मी म्हटलं ताई भीक नाही, तू केलंस ते कागदावर आणायचंय फक्त. ती उठून चुलीकडे गेली आणि अर्धा तास आलीच नाही. आई खुर्चीवरून म्हणाली, "इचार कर रे बाबू, जमीन एकदा गेली की परत येवची नाय." हे आमचं चुंगकिंगचं कॉन्सल ऑफिस.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी प्रोसेस सांगतो कारण मला कोणी नीट सांगितली नव्हती. काही लोक स्टँपपेपरवर लिहून नोटरी करतात आणि झालं म्हणतात, ते चालत नाही, जमिनीचा हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच करायला लागतो, आणि सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत. त्याला चालू सातबारा, आठ अ, वारसनोंदीचा फेरफार, सगळ्यांची आधार पॅन, फोटो, आणि दोन साक्षीदार जे तुम्हाला ओळखतात. स्टँप ड्युटी वकिलाकडून दस्त दाखवूनच विचारा, कोणाच्या नावे आणि मोबदला घेऊन की न घेता ह्याच्यावर ती ठरते. आमचा एक दिवस फुकट गेला कारण सातबाऱ्यावर माझं बाप्तिस्म्याचं नाव आणि आधारवर शाळेचं, ते आधी जुळवून घ्या. हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावेच होतं, तिऱ्हाइताला द्यायचं असेल तर बक्षीसपत्र नाहीतर विक्री. आणि सही करायच्या आधी वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सांगितलंय ना, हे परत फिरवता येत नाही. मी हो म्हटलं आणि तेव्हा मला हिचे तीन आठवडे आठवले, ते नसते तर माझा हो खोटा झाला असता.

त्याच दिवशी ते अंगठ्याचं झालं.

दस्त झाल्यावर संपत नाही. सूची दोन, म्हणजे दस्त रजिस्टर झाल्याचा उतारा मिळतो, मग तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. परत पंधरा दिवस! ह्या पंधरा दिवसांत एजंटाचा फोन आला, पलीकडच्या कातळाचा सौदा झाला होता, त्याने आकडा सांगितला. तो आकडा इथे लिहीत नाही पण माझं कर्ज फिटून वर उरलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं आहे. पश्चात्ताप झाला असं नाही म्हणता येणार, पण आकडा डोक्यातून जात नव्हता, मी अंधारात पडल्या पडल्या भागाकार करत होतो. सकाळी उठून हिला सांगितलं, ती म्हणाली, मी पण केला हिशोब, झाला ना, आता चहा घे.

नोंद मंजूर झाली. पूर्वी कमी झालेल्या नावाला कंस करायचे, आता आडवी रेघ मारतात. ताईने सातबाऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, बाबांच्या नावावर आधीची रेघ आणि खाली माझ्या नावावर नवी. दोघांची नावं रेघेखाली एकत्र बघून काय वाटलं ते लिहिता येत नाही. वाईट नव्हतं ते.

मला वाटलं संपलं. पण स्टडच्या पुस्तकातली एक गोष्ट मी शिबिरात गाळली होती, मुलांना कंटाळा येईल म्हणून. मूडीला ५,००० पाठवताना स्टडची इच्छा होती की ते तिरहूतला वापरावेत, जिथे बापाने पैसा केला तिथेच काम उभं राहावं. मूडीला ते जमलं नाही. त्याने त्या पैशातून शिकागोत बायबल शिकवणारी संस्था काढली, ती आजही चालू आहे. तिरहूतला काही गेलं नाही. स्टडने दिले तेव्हा पैसे दिले, आणि नंतर ती इच्छाही सोडावी लागली. वाचताना मी पान उलटून पुढे गेलो होतो.

सप्टेंबरमध्ये ताईचा फोन आला. बांधावरचा फणस म्हातारा झालाय, मुळं दगडी गडग्यात शिरलीत, गडगा कोसळतोय, तोडायला माणूस बोलावलाय. तो फणस आजोबांनी लावलेला. त्याच्याखाली बाबा दुपारी घोंगडी टाकून पडायचे, मी पोहे खात तिथे अभ्यास केलाय, त्याच्या बुंध्यावर माझी आणि ताईची उंची कोयतीने कोरलेली आहे, दर इस्टरला एक खूण. माझ्या तोंडावर आलं होतं की थांब, मी येतो, दुसरा काहीतरी मार्ग काढू, गडगा मी माझ्या खर्चाने बांधून देतो.

ताई पलीकडे गप्प होती. मग म्हणाली, "बोल ना, काय करू?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"तोडूचो लागतलो."

"मग तोड."

ती म्हणाली उंचीच्या खुणांचा तेवढा तुकडा काढून ठेवते, गणपतीनंतर गाड्यांची गर्दी कमी झाली की पाठवते कोणाबरोबर तरी. मी म्हटलं नको, तुझ्याकडेच राहू दे, घरात ठेव. ती बरं म्हणाली आणि आईला फोन दिला.